समुद्राचा ताप कोणाच्या खाती?

(युसूफ वडगाव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



केज तालुक्यातील या गावी मी समुद्राविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हे आपण पाहिले आहे. टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करण्यासाठी वीजकेंद्राला मुबलक पाणी लागते. परळीत त्यातील बरेच पाणी मनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जाते. तेव्हा नियोजनकार सुचवितात की केंद्रे समुद्रकाठी न्यावीत, तेथे पाणी फुकट आहे. हा ‘फुकट’ शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तपासून घेतला पाहिजे.

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासूनचे. तेथे समुद्राचे पाणी आत घेतात आणि गरम झाले की पुन्हा समुद्रातच सोडतात. अशा केंद्रात एक युनिट वीज निर्माण होताना सुमारे दोन युनिटांइतकी उष्णता वाया जाते. ती समुद्राच्या पदरात पडते.

समुद्राच्या पाण्यात प्लवक नावाची सूक्ष्म जीवसृष्टी तरंगत असते. माळावर गवताचे जे स्थान, तेच समुद्रात वनस्पती-प्लवकांचे. त्यांवर प्राणी-प्लवक जगतात आणि त्यांवर मासळी. अनेक माशांची अंडी व कोळंबीची पिलेही याच तरंगत्या जगात वाढतात. केंद्राने ओढलेल्या पाण्याबरोबर हे जीव आत जातात. तेथे पंपांचा मार, उष्णता आणि नळांत शिंपले धरू नयेत म्हणून घातलेले क्लोरीन, असा तिहेरी आघात त्यांच्यावर होतो. उष्ण कटिबंधातील जीव उन्हाळ्यात आधीच सहनशक्तीच्या काठावर असतात. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी.

वनस्पती-प्लवक झपाट्याने पुन्हा वाढतात आणि भरती-ओहोटीने उष्णता पांगते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून परिणाम ‘स्थानिक’ आहे, असे अधिकारी म्हणतात. मान्य! पण लहान होडीचा मच्छीमारही स्थानिकच असतो. मोठा ट्रॉलर दूर जाईल, तो कोठे जाणार? जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प योजला गेला, तेव्हा साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी हाच प्रश्न विचारला. १८ एप्रिल २०११ रोजी तेथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच दाखवून दिले होते की, खासगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा भाग समाजावर ढकलतो. आपण समाजवाद्यांनी त्यात एक कबुली जोडली पाहिजे. तारापूर सार्वजनिक क्षेत्रात आहे. तरीही त्याच्या जमाखर्चात समुद्र नाही. मालकी बदलली म्हणून हिशेब आपोआप बदलत नाही.

समुद्राचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांसाठी ७ अंश तापमानवाढीची मर्यादा सरकारने घातली आहे. ती पाळली जाते की नाही, याचे मोजमाप केंद्रचालकांवर सोपवून चालणार नाही. मच्छीमार सोसायट्यांच्या प्रतिनिधींसमक्ष बारमाही मोजणी व्हावी. केवळ तापमान नव्हे, तर प्लवक, अंडी आणि पिले यांचीही. तिचे आकडे मराठीत प्रसिद्ध व्हावेत. पाणी थंड करूनच सोडण्याचा खर्च विजेच्या किमतीत धरला जावा.

वीज आपल्याला हवीच आहे. अंधाराचे गोडवे मी गाणार नाही. परंतु परळीच्या पाण्याचा हिशेब मागणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याने कोकणच्या समुद्राचाही हिशेब मागावा. दोन्ही ठिकाणी ‘फुकट’ म्हणून जे घेतले जाते, ते कोणाच्या तरी ताटातलेच असते.