चार्ज कुणाला दिला?



आपल्या मराठीत नारळाचे दोन अर्थ आहेत. शालीबरोबर दिला तर सत्कार, आणि नुसताच हातात ठेवला तर कामावरून काढले! पण काम संपल्यावर यांपैकी कुठलाच नारळ ज्यांना मिळत नाही, अशी एक मोठी जमात अलीकडे तयार झाली आहे. ती म्हणजे प्रशिक्षणार्थी.

९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत आधी ६ महिन्यांची होती, ती २०२५ मध्ये एकूण ११ महिन्यांची झाली. शहाद्याहून धडगावकडे निघाले की सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे म्हसावद लागते. अशा भागात कार्यालयातली खुर्ची म्हणजे फार मोठी गोष्ट. घरच्यांना वाटते, पोरगा चिकटला. मग एके दिवशी मुदत संपते.

योजनेत कायम नोकरीची हमी नव्हती, हे खरे. पण रोज हजेरी लावून माणसाला आशा लागते, हेही खरेच. २०२५ साली या तरुणांनी राज्यात ठिकठिकाणी आंदोलने केली. मला त्यात काही गैर वाटत नाही. प्रश्न तसा जुनाही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात मालकावर शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर आस्थापनेने त्याबाबत स्वतःचे धोरण ठरवावे, एवढे आले.

एका मुलाने मला विचारले, “चाचा, जिथे ठेवणारच नाहीत, तिथून नीट कशाला निघायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याला मी एका शाळेची गोष्ट सांगितली.

आमच्या डोंगरपट्ट्यात घरी पावरी बोलणारी लेकरे पहिलीत येतात आणि गुरुजी मराठी बोलतात. दोघे एकमेकांकडे बघत बसतात. तिथे पाड्यावरचीच एक मुलगी प्रशिक्षणार्थी म्हणून लागली. तिला दोन्ही भाषा येत, त्यामुळे वर्ग बोलू लागला. आपली मुदत संपणार हे कळल्यावर तिने एक दोनशे पानी वही केली. मुले पोट दुखते हे कसे सांगतात, तहान लागली की काय म्हणतात, घरी जायचे असेल तर काय म्हणतात, असे शब्द एका बाजूला आणि मराठी अर्थ दुसऱ्या बाजूला. मागच्या पानांवर कोणते मूल कशाने बुजते तेही लिहिले. शेवटच्या दिवशी वही गुरुजींच्या हाती दिली. ती गेली, पण वर्ग पुन्हा मुका झाला नाही. माझ्या मते त्या शाळेत खरा चार्ज दिला तो तिने.

सरकारी कचेरीत ‘चार्ज देणे’ हा शब्द साहेबांसाठी राखून ठेवलेला असतो. प्रशिक्षणार्थ्याकडून कुणी चार्ज मागत नाही. म्हणूनच तो आपण होऊन द्यावा. शेवटच्या पंधरवड्यात नवे काम अंगावर घेऊ नये, हातातले उरकावे. जे अर्धे राहील ते कुठवर आले, कागद कोणत्या कपाटात आहेत, संगणकात कोणत्या नावाने ठेवले आहेत, हे एका कागदावर लिहून द्यावे. पासवर्ड, किल्ली, ओळखपत्र परत करून सही घ्यावी. विद्यावेतन राहिले असेल तर त्याचा वेगळा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. निरोपाच्या चहात तो विषय काढला की चहाही जातो आणि पैसेही राहतात. आणि त्या रागापायी कागद दडवू नयेत. त्याचा त्रास साहेबांना होत नाही, दाखल्यासाठी दहा मैलांवरून आलेल्या म्हातारीला होतो.

आम्हा गझलवाल्यांत मक्ता नावाचा प्रकार असतो. शेवटचा शेर, ज्यात शायर आपले नाव गुंफतो. तो घाईत उरकला की आधीचे चांगले शेरही लोक विसरतात.

आता दोन शब्द साहेबांना. मुलांना प्रमाणपत्रासाठी खेटे घालायला लावू नका. ‘काम समाधानकारक’ या दोन शब्दांनी कुणालाच नोकरी मिळत नाही. त्याने आवक-जावक सांभाळली की पाणीपट्टीच्या नोंदी केल्या, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. मुलांनीही त्याचा मसुदा स्वतः करून न्यावा. पुढे नाव-नंबर संदर्भासाठी देऊ का, हे तिथेच विचारून घ्यावे. शिपाईमामांचा आणि झाडू मारणाऱ्या मावशींचा निरोप घ्यायला विसरू नये. नवा साहेब येतो तेव्हा जुन्या माणसांबद्दल त्यांनाच विचारतो.

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तेव्हा महिन्याभराने एक फोन करावा. त्या अर्ध्या राहिलेल्या नोंदवहीचे काय झाले, एवढेच विचारावे. नोकरीचा विषय आपण काढू नये. समोरच्याने काढला तर गोष्ट वेगळी.