गोधडीचा नमुना आणि गोधडीची मजुरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाईंचा निरोप आला की, ह्या वेळचे भाषण तुम्ही करावयाचे. विषय विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही गोधड्यांचे नमुने काढता, त्यासाठी कुठे कुठे हिंडता, ते कसे सुचते, एवढे सांगा म्हणजे झाले." मी काही व्याख्याती नव्हे. हातात सुई असली म्हणजे माझे तोंड बरे चालते, म्हणून सुईदोरा घेऊनच उभी राहू का असे मी त्यांना विचारले होते. परंतु ते सभेला शोभणार नाही असे ठरले. तेव्हा कागदावर टिपून आणले आहे तेच वाचते. शेवटी मंडळाच्या कामाचेही थोडे बोलणार आहे, तेवढे मात्र लक्ष देऊन ऐका.

मी नमुने काढते असे सांगितले की पुष्कळांना हसू येते. "अहो, गोधडीला कसला आला आहे नमुना? जुनेर अंथरायचे, चिंध्या लावायच्या, दोरा घालायचा!" हे म्हणणे अगदीच खोटे नाही. माझ्या आईने जन्मभर तसेच केले. पण कोणत्या चिंधीशेजारी कोणती लावायची हे ती क्षणभर थांबून पाहत असे. त्या क्षणात तिने जे केले तेच मी आज खाकी कागदावर पेन्सिलीने करते, आणि मला मात्र लोक कलावंत म्हणतात.

नमुन्याची सुरुवात कागदापासून होत नाही, गाठोड्यापासून होते. नऊवार लुगडे म्हणजे २७ फूट. त्याची चार घडी केली की पावणेसात फूट लांबी येते, आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची, साधारण चार फूट. म्हणजे एका माणसाची गोधडी त्या लुगड्यातच घडी घालून ठेवलेली असते. आपण 'चौघडी' म्हणतो ती ह्याच हिशेबातून आली असावी असे मला वाटते. सहावारी पातळ मात्र १८ फुटांचे. त्याच्या चार घड्या केल्या तर साडेचार फुटांचे लहान मुलाचे पांघरूण होते. तीन केल्या तर लांबी सहा फूट, आणि उंच माणसाचे पाय उघडे पडतात. मग पायथ्याशी पट्टी जोडणे आले. पट्टी दुसऱ्या रंगाची, म्हणून ती डोळ्यांत भरते. ती एकटी बरी दिसत नाही म्हणून उशाशीही एक लावायची, मग दोन्ही बाजूंना. झाली चौकट! माझे निम्मे नमुने असे कापड कमी पडल्यामुळे निघाले आहेत. हल्लीची नायलॉनची नि जॉर्जेटची पातळे कोणी आणून दिली तर मी परत करते. ते कापड सुईखालून निसटते, टाका धरीत नाही आणि घामही टिपीत नाही.

माझे माहेर जळगावजवळचे, सासर धुळ्याचे. त्यामुळे पारोळा-एरंडोलचा रस्ता किती वेळा केला त्याला गणती नाही. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली की मी वही काढते. कपाशीच्या सरळ सऱ्या, मध्येच तुरीचे दोन तास, काळ्या रानावर ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि बांधावर एखाद्या बाईचे लाल लुगडे. रावेर-यावलकडे गेले तर केळीच्या बागा. फाटलेल्या पानाच्या चिरा बघा, हुबेहूब धावदोऱ्याच्या ओळी. माझा 'केळपान' नावाचा नमुना तुम्हांपैकी बऱ्याच जणींनी शिवला आहे. तो सावद्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना काढला.

पण खरी शाळा म्हणाल तर ती अजिंठ्याला. जळगावहून जेमतेम ६० किलोमीटर. आपण सगळ्या तेथे सहलीला गेलो आहोत, पद्मपाणीपुढे उभ्या राहिलो आहोत, आणि मार्गदर्शकाच्या मागोमाग बाहेरही पडलो आहोत. पुढच्या खेपेला माझे ऐका आणि पहिल्या व दुसऱ्या लेण्यात मान वर करा. छतावर मोठ्या चौकोनात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळे, चारी कोपऱ्यांत उडत्या आकृती. आणि भोवताली लहान लहान चौकोन. एकात कमळ, एकात फळ, एकात पक्षी. मला तर वाटले की, हे दगडाचे छत नव्हेच, कोणी तरी अंथरूण उलटे करून वर बांधले आहे. मी चार खेपा गेले. पहिल्या खेपेला मान अवघडून परतले, दुसऱ्या खेपेला निव्वळ चौकोन मोजले. तिसऱ्या खेपेला कळले की, रंगांची अदलाबदल ठरलेली आहे. गडद जमिनीशेजारी उजळ जमीन, पुन्हा गडद. आतले चित्र मात्र चित्रकाराने आपल्या मर्जीने बदलले आहे. दोन कमळे शेजारी आली तरी ती एकसारखी नाहीत. तेथला निळा लाजवर्दाचा, तो दगड परदेशातून यावयाचा. तो कोठे वापरला आहे तेही पाहण्यासारखे आहे.

ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. तेव्हापासून माझ्या कागदावर फक्त चौकोन आणि गडद-उजळ एवढेच असते. आत काय भरावयाचे ते शिवणारीने ठरवायचे. हे मी औदार्याने करते असे कृपा करून समजू नका. पारोळ्याकडच्या एका जिजीने पूर्वीच मला बजावले होते, "माय, हाई कागदनं काम नही, फडकानं शे." जिजी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण चार दगड कोपऱ्यांवर ठेवून कापड ताणले की काठापासून आत, काठापासून आत, अशी चौकट फिरवीत मध्यावर येतात, आणि दोरा बरोबर मध्येच संपतो.

काठापासून आत शिवीत येण्याची ही रीत आपली एकट्यांची आहे असे मला वाटे. मग उत्तर कानड्यात हल्याळ-यल्लापूरकडे जाण्याचा योग आला. तेथे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळी गोव्याला गुलाम म्हणून आणले होते. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात, आणि त्या कोपऱ्यापासून सुरू होऊन चौकटीने आतच येतात. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते. मला त्यांची बोली निम्मीच कळत होती. पण टाका धरल्यावर बोलण्याची फारशी गरज राहिली नाही.

कलकत्त्याजवळ जोका येथे गुरुसदय संग्रहालय आहे. तेथील कांथांची गोष्ट निराळी. जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी चित्रे भरायची. तेथे मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी केलेला एक कांथा आहे, आणि तिने आपले नाव दोऱ्याने त्यावर घातले आहे. तेथून परत येताना गाडीत माझ्या मनात एकच आले, की माझ्या आईची एकही गोधडी अशी नाही की जिच्यावरून ती कोणी शिवली हे कळेल. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले आणि आपल्याला त्या मिळाल्या. गोधड्या टिपून ठेवणारे कोणी भेटले नाही.

सगळीकडे वही उघडता येते असे मात्र नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर एका बंजारा आजीबाईने मला भाकरी वाढली, पेटीतला फेटिया आणि कांचळी काढून दाखवली, आरशांभोवतीचा टाका कसा घालायचा तोही करून दाखवला. आणि मी पेन्सिल काढताच वहीवर हात ठेवला. पाहा, जेवा, पण लिहून नेऊ नका. मी वही मिटली. तो टाका मला येतो. माझ्या एकाही नमुन्यात तो नाही आणि असणार नाही.

त्या आजीबाईचा हात किती शहाणा होता हे मला लवकरच कळले. एका मोठ्या शहरातला एक व्यापारी माझ्याकडे आला. केळपानाच्या नगांवर नग हवे होते. भाव ठरला, दोन नमुनेही घेऊन गेला. मग वर्षभर पत्ता नाही. पुढे माझ्या भाचीने बाजारातून एक चादर आणली. त्यावर केळपान होते, टाकेसुद्धा होते, पण छापलेले! सुई त्या कापडाला लागलीच नव्हती. वकिलाकडे जावे असे घरच्यांचे म्हणणे पडले. आपल्याकडे २००० सालचा डिझाईनचा कायदा आहे. नोंदणी केली तर दहा वर्षे आणि पुढे मागितली तर आणखी पाच वर्षे हक्क मिळतो. पण त्याला नवेपणा लागतो. आपल्या आज्यांची चौकट नवी कशी म्हणावी, आणि माझे केळपान त्या चौकटीवाचून उभे कसे राहावे? मी तो नाद सोडला.

अमेरिकेतही हे चुकलेले नाही. अलाबामात गीज बेंड म्हणून एक खेडे आहे. गुलामांच्या वंशातल्या तेथल्या बायका कामाचे जुने कपडे कापून गोधड्या करीत. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी शिवणाची सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांच्या गोधड्या मांडल्या गेल्या, २००६ साली टपालाच्या तिकिटांवर आल्या. आणि २००७ साली त्यांतल्या काही जणी आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ते मिटले. तिकिटावर गोधडी आली तरी हिशेब राहतोच.

आता मंडळाच्या कामाकडे वळते. आपल्या शिवण विभागाला गोधड्यांची मोठी मागणी आली आहे, आणि नमुना माझा हवा आहे. दर नगावर ठरावयाचा आहे. येथेच माझे अडते. साधी चौघडी घ्या: चार फूट रुंद, पावणेसात फूट लांब. दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले तर दोऱ्याची एकूण वाट ७,७७६ इंच होते, म्हणजे ६४८ फूट. ओळी सरळ घाला की चौकटीने फिरवा, बेरीज जवळजवळ तीच. इंचाला चार टाके धरले तर ३१,१०४ टाके. मी घड्याळ लावून पाहिले आहे. चार थरांतून चांगल्या हाताची बाई मिनिटाला पंधरा टाके घालते. म्हणजे साडेचौतीस तास, आणि ह्यात कापणे, टाचणे, सुईत दोरा ओवणे, पाठ शेकणे काही धरलेले नाही. ओळी पाव इंचावर घेतल्या तर सगळे दुप्पट. मग अर्ध्या इंचाची गोधडी आणि पाव इंचाची गोधडी एकाच 'नगात' कशी बसवायची?

म्हणून माझे म्हणणे आहे की मजुरी दोऱ्याच्या वाटेवर द्यावी. फुटाचा दर सभेने ठरवावा. पण दिवसाचा हिशेब निंदणीला जाणाऱ्या बाईच्या रोजापेक्षा खाली येता कामा नये. दुसरे, प्रत्येक गोधडीच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, शिवणारीचे नाव दोऱ्याने घालावे. तिसरे, चौकोनात काय भरायचे ते तिचे तिने ठरवावे. गिऱ्हाईकाला दहाच्या दहा एकसारख्या हव्या असतील तर त्याने छापील चादर घ्यावी. ह्या तीन गोष्टी मान्य होत असतील तर माझा नमुना मंडळाचा आहे, मला त्याचे काही नको.

काही भगिनी मला म्हणाल्या की, अशा अटी घातल्या तर मागणीच जाईल, आणि ज्या मुलींना चार पैसे मिळणार होते त्या हात हलवीत बसतील. ही भीती मी खोटी म्हणत नाही. गल्लीतल्या दोघी-तिघींच्या घरची चूल ह्या कामावर अवलंबून आहे हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच दोघी-तिघींना मी विचारले. एकीने सांगितले की, मागल्या कामात तिने पाव इंचावर दोरा घातला आणि शेजारणीने पाऊण इंचावर. पैसे सारखेच मिळाले, म्हणून पुढली गोधडी तिनेही पाऊण इंचावर घातली. ती गोधडी धुण्याला किती टिकेल ते तुम्हीच सांगा. दुसरी एक वडीलधारी अक्का म्हणाली, "ही आपली हौस, तिला हिशेब कसला?" अक्कांचा मान राखून सांगते, की स्वतःच्या नातवाचे दुपटे शिवते ती हौस, परक्याच्या पलंगावरची गोधडी हौशीची नव्हे.

निर्णय सभेचा आहे. बुधवारी दुपारी तीन वाजता शिवण विभागाची बैठक आहे. ज्या शिवतात त्यांनी तरी अवश्य यावे, आणि येताना फूटपट्टी आणावी. बाहेर पडवीत तीन गोधड्या अंथरल्या आहेत, एक अर्ध्या इंचाची, एक पाव इंचाची आणि एक जिजींची. हात लावून पाहा, उलट्या करूनही पाहा. जिजींच्या गोधडीवर नाव नाही. त्यांना घालता येत नाही, म्हणून त्यांनी कोपऱ्यात सुईने एक बाभळीचे झाड काढले आहे. चहा झाल्यावर मुले त्यांवर बसणार नाहीत एवढे बघा.