आले किती, आणि बरे झाले किती?



मी बीड जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. शेतकरी कुटुंबांसाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’तही आपला जिल्हा होता. अशा सेवांचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, पेशंट किती आले? मला पुढचं विचारायचं आहे. बरे किती झाले?

हे मोजता येतं. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-9’ ही नऊ प्रश्नांची यादी आहे. झोप, भूक, थकवा, जगणं नको वाटणं... गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. आधी 18 होते, तीन महिन्यांनी 7 आले, तर उपचार लागू पडला. 17 वरच अडकले, तर उपचाराचा फेरविचार हवा. साखर न तपासता मधुमेहाची गोळी वाढवतात का?

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर हे करून पाहिलं गेलं. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी काही बैठका केल्या. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्णांचे गुण 10 च्या खाली आले होते; फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे मिळाले, कारण रुग्णांना पुन्हा गाठून विचारलं गेलं.

आपल्याकडे घोडं इथंच अडतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि सहा महिने गाव रिकामं होतं. रजिस्टरमध्ये उरतं, ‘आला नाही’. तो बरा झाला, की फडावर गोळ्या संपल्या? ‘आला नाही’ म्हणजे ‘बरा झाला’ असं कुणी धरू नये. जाण्याआधी फोन नंबर घ्यावा, फडावर फोन करून तेच नऊ प्रश्न विचारावेत.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या घरातली खाला ‘नैराश्य’ म्हणत नाही, ‘जी घबरा रा’ म्हणते. यादी उर्दूतही आहे, ती मागा. आणि अम्मीसोबत गेलात, तर प्रश्न समजावून द्या, पण उत्तर देताना बाहेर थांबा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. मुलासमोर कोणती आई खरं सांगेल?

घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर पुढच्या भेटीत एवढंच विचारा : “डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी गुण किती होते, आज किती आहेत?” आणि रात्री-अपरात्री कुणाचा धीर सुटला, तर ‘टेली-मानस’चा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.