आधी प्रकाश, मग दगड



६ ऑक्टोबर २००८ची गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहराजवळ माउंट लेमन नावाचा डोंगर आहे. तिथल्या दुर्बिणीतून रिचर्ड कोवाल्स्की यांना एक हलता ठिपका दिसला. गणित मांडलं तेव्हा कळलं, की हा जेमतेम चार मीटरांचा धोंडा वीसेक तासांत सुदानच्या वाळवंटावर येऊन आदळणार. पृथ्वीवर आदळण्याआधीच सापडलेला हा पहिला लघुग्रह. त्याचं नाव ठेवलं २००८ टीसी ३. एवढ्याशा धोंड्यापासून कुणाला धोका नव्हता. तरी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची धावपळ उडाली, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासा व्हायच्या आत त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती येतो त्याचा आलेख, मिळवायचा होता.

लघुग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्यापर्यंत येतो तो त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश. म्हणून आधी लघुग्रहाचा वर्णपट घ्यायचा, मग सूर्यासारख्याच एखाद्या ताऱ्याचा घ्यायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. सूर्याचा वाटा निघून जातो, उरतो तो त्या दगडाचा स्वभाव. पायरॉक्सिन नावाच्या खनिजातलं लोह एक मायक्रॉन आणि दोन मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे आलेखात तिथे दोन खळगे पडतात. ऑलिव्हिन असेल तर एक मायक्रॉनपाशी एकच रुंद खळगा दिसतो. काजळीसारखा काळा, कार्बनयुक्त दगड असेल, तर आलेख जवळजवळ सपाट.

कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा बेटावर विल्यम हर्शेल दुर्बीण आहे. तिच्यावर हा वर्णपट मिळाला, आदळण्याआधी चारेक तास. तो सपाट निघाला. पहाटे सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर धोंडा फुटला. डिसेंबरात खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद आणि सेटी इन्स्टिट्यूटचे पीटर जेनिस्केन्स विद्यार्थ्यांना घेऊन न्युबियाच्या वाळवंटात उतरले. रांग धरून, जमिनीवर नजर ठेवून, सगळे चालत सुटले. फिकट वाळूवर काळेकुळकुळीत तुकडे सापडू लागले. हळूहळू ते सहाशेच्या घरात गेले, पण सगळ्यांचं मिळून वजन भरलं दहा-अकरा किलो! जवळच्या रेल्वे स्टेशनावरून त्या अशनींना अल्महाता सित्ता म्हणतात.

तुकडे होते युरेलाइट जातीचे. ही जात दुर्मीळ. हिच्यात कार्बन भरपूर आणि चक्क सूक्ष्म हिरेही असतात. प्रयोगशाळेत या तुकड्यांवरून परतणारा प्रकाश तपासला आणि तो दुर्बिणीतल्या वर्णपटाशी ताडून पाहिला. आकाशात टिपलेला प्रकाश आणि हातातला दगड यांची अशी गाठ पहिल्यांदाच पडली.

गोष्ट इथे संपली असती तर फार सोयीचं झालं असतं. पण बाकीचे तुकडे तपासता तपासता त्यांत भलत्याच जातींचे दगडही निघाले, अगदी वेगळ्या लघुग्रहांवर जन्मलेले. म्हणजे हा एक सलग खडक नव्हताच, कुठल्या तरी जुन्या टकरींनंतर गोळा झालेला गाळसाळ होता. चिवड्याचा बकाणा भरला तर चव चिवड्याची लागते, दाणे किती आणि डाळं किती ते जिभेला सांगता येत नाही. वर्णपटाचं तसंच झालं. वर्णपट खोटं बोलला नाही, त्याने सरासरी सांगितली.

दुसरी अडचण कांतीची. सौरवारा आणि सूक्ष्म धूलिकणांच्या माऱ्याने लघुग्रहाच्या पृष्ठावर लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. प्रकाश लालसर होतो, खळगे उथळ पडतात. पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या साध्या कॉन्ड्राइट अशनींचे जनक कोण, हा घोळ त्यामुळे कित्येक वर्षं चालला. एस वर्गाचे दगडी लघुग्रह हेच ते जनक असावेत, पण रंग जुळेना. इटोकावा या लघुग्रहाचा वर्णपट एलएल प्रकारच्या कॉन्ड्राइटशी जुळतो, असा अंदाज २००१मध्ये मांडला गेला. जपानच्या हायाबुसा यानाने तिथले कण २०१०मध्ये आणले आणि अंदाज खरा ठरला.

मग एवढा खटाटोप करून वर्णपटच का? नुसत्या कक्षेवरून जन्मस्थान का सांगता येत नाही? कारण पृथ्वीजवळ आलेल्या लघुग्रहाची कक्षा ग्रहांच्या ओढाताणीत सतत बदलते. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातून तो नेमका कुठून निसटला, हे कक्षा लवकरच विसरते. खनिजं विसरत नाहीत.

सध्या वाद रंगलाय तो कामोओआलेवावर. २०१६मध्ये सापडलेला हा छोटा लघुग्रह सूर्याभोवती फिरताना आपल्या पृथ्वीचीच सोबत करतो. मोठ्या दुर्बिणींनाही तो नीट सापडतो एप्रिलच्या सुमारास. २०२१मध्ये त्याचा वर्णपट प्रसिद्ध झाला. तो नेहमीच्या लघुग्रहांपेक्षा बराच लाल, चंद्रावरच्या खडकांशी जुळणारा. तेव्हा हा चंद्राचाच उडालेला तुकडा असावा, असं म्हणतात. चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या जोर्दानो ब्रुनो विवरापर्यंतही काहींनी माग काढला आहे. मला स्वतःला ही कल्पना मोहक वाटते, आणि म्हणूनच जरा जपून राहावंसं वाटतं. कांती जुनी झाली की साधा एस वर्गाचा लघुग्रहही खूप लाल दिसू शकतो. चीनचं थ्येनवेन-२ हे यान मे २०२५मध्ये तिकडे निघालं आहे, तिथली माती पृथ्वीवर आणायला. ती हातात येईपर्यंत चंद्राच्या बाजूने पैज लावायला मी तयार नाही. आणि इटोकावाचा अनुभव पाहता वर्णपटाच्या विरोधातही नाही.