वाईकरांचे स्वागत: ग्रंथविक्रेत्यांच्या परिषदेपुढे



कृष्णेच्या घाटांनी आणि १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराने जिला शोभा आणली, त्या या नगरीत आपले स्वागत करण्याचा मान मजकडे आला, हे मी माझे भाग्य समजतो.

वाईची ओळख करून देताना नारायणशास्त्री मराठे यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. कारण संन्यासानंतर केवलानंद सरस्वती झालेल्या या पुरुषाचे स्मरण, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या शिष्याच्या कीर्तितेजात, महाराष्ट्राला फारसे उरलेले नाही, याची मला खंत आहे. प्राज्ञपाठशाळा त्यांनी उभी केली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ साली विनोबा वेदान्ताध्ययनासाठी त्यांच्याच पायाशी येऊन बसले. मीमांसाकोशाचे सात खंड त्यांनीच सिद्ध केले. आणि त्यांच्याच परंपरेत वाढलेल्या तर्कतीर्थांनी येथे बसून जो मराठी विश्वकोश उभारला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला.

तो विश्वकोश आज कोणालाही भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतो, आणि वाईला त्याचा अभिमानच आहे. घरपोच पुस्तके धाडणाऱ्या बड्या कंपन्यांशी सवलतीत बरोबरी करणे दुकानदाराला परवडत नाही, हे मी जाणतो. परंतु गुरूने शिष्याचा अधिकार पाहून ग्रंथ हाती द्यावा, तसे गिऱ्हाइकाचा कल ओळखून पुस्तक काढून देणारा जाणता माणूस दुकानातच भेटतो. त्यानेच व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांची यादी कळविली, मागणी नोंदविली आणि पार्सल रवाना केले, तर त्यात कमीपणा कसला? पसरणीचा घाट चढून गेल्यावर पाचगणीपलीकडे भिलार लागते. तेथे २०१७ पासून घराघरांत मांडलेली पुस्तके वाचावयास माणसे मुद्दाम वाट वाकडी करून येतात. अशा माणसांसाठी दुकानात निवांत बसावयास जागा ठेवा.

आता क्षमायाचना. सर्वांची सोय एका ठिकाणी झाली नाही. वयोवृद्ध पाहुण्यांना जिने चढावे लागत आहेत. काल रात्री उशिरा आलेल्यांना भोजन गार मिळाले. ही सर्व उणीव स्वागतसमितीची, म्हणून माझी आहे. मंगल कार्यालय विनाभाडे देणारे मालक, शिधा पुरविणारे बाजारपेठेतील व्यापारी, अंथरुणे-पांघरुणे पाठविणारी कुटुंबे, पंक्तीत राबणारे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नावाचा उच्चारही नको म्हणणारे दाते यांचे ऋण मोठे आहे. नगरपरिषदेच्या सफाई कामगारांचे तर सर्वांहून अधिक.

उद्या सकाळी भिलारला गाड्या निघतील; इच्छुकांनी आज भोजनापूर्वी कचेरीत आपली नावे द्यावीत, ही विनंती.