हललेला फोटो आणि कानातला बिल्ला



आमच्या गटातल्या एका ताईंचे गाईच्या विम्याचे फोटो परत आले. गाय दिसत होती, शेजारी ताई दिसत होत्या, पण कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर पुसट आला होता. दावा करायची वेळ आली, तर विमा उतरवलेली गाय हीच, हे त्या नंबरावरूनच ठरतं. मग आम्ही सगळ्या जणींनी दोन-तीन रविवार आपापली जनावरं अंगणात बांधून फोटो काढून पाहिले. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. नवा फोन कुणीच घेतला नाही.

आधी कॅमेऱ्याची काच बघा. धारेचा, पिठाचा, तेलाचा हात तिला लागतोच, आणि मग सगळा फोटो धुक्यातला वाटतो. फुंकर मारून धूळ उडवा आणि पदराच्या सुती टोकानं पुसा. निम्मं काम इथंच होतं.

दुसरा उजेड. गोठ्यात अंधार असला की फोनला उजेड गोळा करायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात गाय कान झटकते आणि फोटो हलतो. बाहेर लख्ख उजेडात फोनला सेकंदाचा अगदी बारीक भाग पुरतो, मग कान हलला तरी नंबर वाचता येतो. म्हणून धारा झाल्या की सकाळी आठ-नऊला जनावर बाहेर घ्या. सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. कडुनिंबाखाली नको, कवडशांनी अंगावर ठिपके पडतात. भिंतीची सलग सावली चालते.

म्हशीचं जरा निराळं. मागं उजळ आभाळ असलं की म्हैस नुसती काळी आकृती दिसते. अशा वेळी पडद्यावर तिच्या तोंडावर बोट टेकवा. म्हैस उजळेल, आभाळ पांढरं पडेल. पडू द्या, विमा आभाळाचा नाही!

बिल्ल्याचा फोटो वेगळा काढा. दोन बोटांनी चित्र मोठं करू नका, त्यानं आकडे फुटतात. त्यापेक्षा जनावराच्या खांद्याच्या बाजूनं जवळ जा, पण फोन कानाला चिकटवूही नका, फार जवळचं फोनला नीट दिसत नाही. हातभर अंतर ठेवा, बिल्ल्यावर बोट टेकवा, दोन्ही कोपरं अंगाला दाबून धरा आणि श्वास रोखून एकामागून एक पाच-सहा फोटो घ्या. एखादा तरी चांगला निघतो. जनावर सोडायच्या आधी फोटो मोठा करून बाराही आकडे मोठ्यानं वाचा.

विकायच्या शेळीला उभं राहायला सांगून ती ऐकत नाही. कुणीतरी फोटो काढणारीच्या मागं सुबाभळीचा पाला हलवावा आणि काढणारीनं खाली बसावं. उभ्यानं काढलं की पाय आखूड दिसतात, आणि गिऱ्हाईक पाय, कास, पाठ बघतं.

पोरांनाही हेच लागू. आडवं पळणारं पोर पुसट येतं, आपल्याकडे धावत येणारं त्यामानानं बरं येतं. पंचमीच्या झोक्यावरच्या लेकीचा फोटो झोका वर टोकाला पोचला की घ्या, तिथं तो क्षणभर थांबतो. आजीला उन्हाकडे तोंड करून बसवू नका, डोळे मिटतात. ओसरीच्या कडेला, सावलीत बसवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आकडे पुन्हा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि गाय तुमच्या नावावर असेल, तर मालकासोबतच्या फोटोत तुम्हीच उभ्या राहा. फोन तेवढ्यापुरता घरच्यांच्या हातात द्या, काच पुसून.