डेकलला सुरकुत्या पडू द्या

रणगाड्याची प्रतिकृती जोडून, रंगवून झाली की बहुतेकांना वाटतं, लढाई संपली. मग डेकल लावतात आणि नंबराभोवती चकाकणारी झिल्ली दिसते, जणू कोणी सेलोटेप चिकटवलाय. आज तेवढ्याच विषयावर बोलू.

आमचे एक रिसालदार साहेब १९७१ च्या लढाईत सेंच्युरियनवर होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू झाली आहे. त्यांच्यासाठी मी १:३५ प्रमाणात सेंच्युरियन केला. ते मॉडेल डोळ्यांनी बघणार नव्हते, बोटांनी वाचणार होते. म्हणजे डेकलची कड बोटाला लागता कामा नये. डेकलचा कागद एकच, तोही जुना.

डेकल म्हणजे काय? पातळ पारदर्शक फिल्म, तिच्यावर छापलेली शाई, खाली पाण्यात विरघळणारा डिंक आणि त्याखाली कागद. मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलूख असतो. त्याच्या दऱ्यांत हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकते. म्हणून आधी चकाकणारं वार्निश मारून पूर्ण वाळू द्यायचं. हे टाळलंत तर पुढची कुठलीही बाटली तुम्हाला वाचवणार नाही.

डेकल कागदाच्या अगदी कडेने कापा. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगत ठेवलं तर डिंक वाहून जातो. जागेवर आधी मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटरचा थेंब. मग ओल्या ब्रशने डेकल कागदावरून मॉडेलवर सरकवा. लष्करी नंबरात बाण असतो, त्याचं टोक वरच हवं. दुकानातल्या तयार मॉडेलवरही तो आडवा पडलेला मी पाहिलाय, आणि अशा वेळी माझं डोकं फिरतं! जागा पक्की झाली की टिशूने हलके टिपा. पुसू नका.

आता मऊ करणारं द्रावण: मायक्रो सोल, मिस्टर मार्क सॉफ्टर, नाहीतर तामियाचं मार्क फिट. ब्रशने वरून लावा आणि हात मागे घ्या. दोन-तीन मिनिटांत डेकलला अशा सुरकुत्या पडतील की छातीत धस्स होईल. इथेच लोक बोट लावतात आणि डेकल फाटतं. फिल्म त्या वेळी ओल्या पापडासारखी मऊ असते. तिला एकटी सोडा. द्रावण उडून जाताना ती खाली बसते आणि पृष्ठभागाचा आकार घेते.

सेंच्युरियनचा टरेट ओतीव पोलादाचा, म्हणून खरबरीत. तिथे एका हातात काम होत नाही. मी तीन वेळा द्रावण लावलं, प्रत्येक वेळी पूर्ण वाळल्यावर. उरलेल्या बुडबुड्यांना बारीक सुईने टोचलं, वर पुन्हा एक थेंब. बोल्टवर डेकल तंबूसारखं ताणलं जातं. तिथे नव्या ब्लेडने छोटी चीर द्यावी.

द्रावणांची ताकद सारखी नसते. सॉल्व्हासेट जहाल आहे, पातळ फिल्म विरघळवू शकतं. कागदावर नको असलेलं एखादं चिन्ह असतंच, त्यावर आधी चाचणी घ्या. व्हिनेगर पाण्यात मिसळून चालतं का, असं बरेच जण विचारतात. पातळ फिल्मवर थोडंफार चालतं, जाड फिल्म त्याला दाद देत नाही. जुनं डेकल पाण्यात तुकडे होतं, म्हणून बुडवण्याआधी त्याच्यावर वार्निशचा पातळ हात द्या आणि वाळल्यावरच कापा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा नंबरासाठी किती सोपस्कार? बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनवर धारातीर्थी पडले, त्याचं नाव फामागुस्ता. तो रणगाडा आज नगरला आहे. सेंच्युरियन पुष्कळ होते. रिसालदार साहेबांचा कोणता, हे फक्त त्या नंबरावरून कळतं. त्यांनी टरेटवर दोनदा बोट फिरवलं आणि विचारलं, “नंबर लिहायचा राहिला का?”

शेवटचं काम. रात्रभर वाळल्यावर ओल्या ब्रशने डिंकाचे डाग धुवा, नाहीतर ते वार्निशखाली पिवळे दिसतात. मग पुन्हा चकाकणारा एक पातळ हात आणि त्यावर मॅट. कोची, कोलकाता, गोवा इथल्या मंडळींनी पावसाच्या दिवशी मॅटचा स्प्रे मारू नये; दमट हवेत तो दुधी पडतो. एक दिवस थांबा.